गड्ड्यातल्या गर्दीचं सिम्युलेशन: एका दारापासून सुरुवात

संगणकावर गर्दी उभी करायची म्हटलं की सोलापुरातला नवशिका हटकून सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळाच निवडतो. संमती कट्टा, सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि चहूबाजूंनी माणसंच माणसं. असं मॉडेल पुरं होत नाही. इतक्या माणसांची मापं कुणाकडे नसतात, आणि उत्तर चुकलं तर कुठल्या नियमामुळे चुकलं ते शोधता येत नाही. म्हणून इथे एकच दार घेऊ: होम मैदानावर गड्डा, म्हणजे याच यात्रेची जत्रा, भरला आहे, रात्रीची वेळ आहे, आणि ४०० माणसं ३ मीटर रुंदीच्या दारातून बाहेर पडत आहेत. ३ मीटर आपण सोयीसाठी धरले. खऱ्या दाराचं माप टेपनं घ्यायचं.

प्रश्न आधी लिहून काढा, आणि त्याचं उत्तर आकड्यात येईल असा लिहा. ‘गड्ड्यातली गर्दी कशी वागते?’ हा प्रश्न नव्हे. ‘बाहेर पडल्यावर घरच्यांची वाट बघत थांबणारी माणसं दारापासून १ मीटरवर थांबली आणि ६ मीटरवर थांबली, तर ४०० जणांना बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेत किती फरक पडतो?’ हा प्रश्न. या लेखातली प्रत्येक पायरी याच प्रश्नाकडे जाते.

गर्दी खरी वाटावी म्हणून प्रत्येक माणसाला हुशार करायची गरज नसते. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली पक्ष्यांचा थवा फक्त तीन नियमांवर उडवून दाखवला: शेजाऱ्यावर आदळू नको, शेजाऱ्यांच्या दिशेनं जा, थव्याच्या मधोमध राहा. थॉमस शेलिंग यांचं १९७१ चं वस्त्यांचं मॉडेल याहून साधं आहे. शेजारी आपल्यासारखे थोडेफार असावेत, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा. तरी अख्खं शहर वेगवेगळ्या वस्त्यांत फाटतं. चालणाऱ्या माणसांसाठी आपण डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांचं १९९५ चं ‘सोशल फोर्स’ मॉडेल घेऊ. त्यातले माणसावरचे तीन प्रकारचे जोर आधी घेऊ: जायच्या ठिकाणाकडे ओढणारा, दुसऱ्या माणसापासून दूर लोटणारा आणि भिंतीपासून दूर लोटणारा. चौथा जोर, आपल्या माणसांकडे ओढणारा, आपण पुढे घालू. गड्ड्याला एकटा कोण जातो?

सामान

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. सॉफ्टवेअर नेटलोगो घ्या. उरी विलेन्स्की यांनी ते १९९९ साली काढलं, ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. त्याच्या मॉडेल्स लायब्ररीत ‘फ्लॉकिंग’, ‘सेग्रिगेशन’ आणि ‘रूमर मिल’ ही तीन मॉडेलं तयार आहेत. पहिल्या दिवशी स्वतःचं काही लिहू नका. या तिघांच्या पट्ट्या सरकवून काय बदलतं तेवढं बघा. पायथन येणाऱ्यांसाठी मेसा आहे, आणि फक्त पादचाऱ्यांसाठी युलिश संशोधन केंद्राचं जुपेडसिम आहे. पण तिथे जोर आतल्या आत मोजले जातात. जोर स्वतःच्या हातानं एकदा लिहिल्याशिवाय चूक ओळखता येत नाही, म्हणून सुरुवात नेटलोगोतच करा.

याशिवाय ३० मीटरची टेप, व्हिडिओ काढणारा मोबाईल, खडू आणि वही.

आधी मोजणी

गड्डा जानेवारीतच असतो, पण मोजणी बारा महिने करता येते. सगळ्यात सोयीची जागा म्हणजे मंगल कार्यालय. अक्षता पडल्या की जेवणाच्या हॉलच्या दाराशी जी झुंबड उडते, तिची वेळ ठरलेली, दार एकच, माणसं कुटुंबानं आलेली आणि वर उभं राहायला गॅलरी. याहून चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही. यजमानांची आणि कार्यालयाच्या मालकांची परवानगी घ्या. कॅमेरा वरून खाली धरा म्हणजे चेहरे येणार नाहीत, आणि आकडे वहीत उतरले की व्हिडिओ पुसून टाका. लग्नाचा हंगाम नसेल तर एसटी स्टँडचं प्रवेशद्वार किंवा श्रावणी सोमवारचं सिद्धेश्वर मंदिर.

दाराअलीकडे जमिनीवर खडूनं दोन रेघा मारा, एकमेकींपासून ४ मीटरवर. व्हिडिओ बघताना प्रत्येक माणसाला एका रेघेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. ३ सेकंद लागले तर वेग सेकंदाला १.३३ मीटर. वहीत पाच रकाने पाडा: वेळ, गटात किती जण, ४ मीटरला किती सेकंद, लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का, हातात ओझं आहे का. एकटी चालणारी पन्नासेक माणसं आणि तीसेक गट झाले की सुरुवातीला पुरे. झुंबडीच्या काळात दर १० सेकंदांना दारातून किती जण गेले तेही मोजा. पुढे मॉडेल खरं की खोटं ते यावरूनच ठरेल.

गट ओळखताना नवशिके फसतात. दोन माणसं शेजारून चालतात म्हणजे ती एकत्र आहेत असं नाही. बोलणं, मागे वळून बघणं, हात धरणं किंवा दुसऱ्यासाठी वेग कमी करणं, यातलं एक तरी दिसलं तरच गट लिहा. मेहदी मूसाईद आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या फ्रान्समधल्या नोंदींत, पाहिलेल्या गर्दीतले ७० टक्क्यांपर्यंत लोक गटानं चालत होते. रस्ता मोकळा असला की गट एका ओळीत शेजारी-शेजारी चालतो. गर्दी वाढली की मधला माणूस किंचित मागे पडतो आणि ओळीला इंग्रजी ‘व्ही’सारखा बाक येतो. बोलायला तो आकार बरा, पण समोरून येणाऱ्यांना अडतो. आपल्याकडे दाट गर्दीत कुटुंबाची आगगाडीही होते: पुढे बाप, मध्ये पोरं, मागे आई. तुमच्या दाराशी कोणता आकार किती वेळा दिसतो ते मोजून ठरवा.

जग मांडणं

नेटलोगोचं जग चौकोनी पॅचचं असतं. १ पॅच म्हणजे अर्धा मीटर धरा. आपल्याला २० मीटर रुंद आणि ३० मीटर लांब जागा हवी, म्हणजे ४० गुणिले ६० पॅच. खालून १८ मीटरवर आडवी भिंत आणि तिच्या मधोमध ३ मीटरचं दार. भिंतीच्या खाली मैदान, वर १२ मीटर रस्ता. सुरुवातीला ४०० माणसं तळच्या १० मीटरच्या पट्ट्यात ठेवा, म्हणजे दाटी चौरस मीटरला २ होते.

सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचं ‘रॅप’ बंद करा. ते आपोआप चालू असतं, आणि चालू राहिलं तर डाव्या कडेनं गेलेला माणूस उजव्या कडेनं उगवतो. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही कडांची माणसं एकमेकांना शेजारी समजून लोटत राहतात. पडद्यावर हे पटकन ध्यानात येत नाही, उत्तर मात्र बिघडतं.

वेग, अंतर, जोर सगळं मीटर आणि सेकंदात साठवा. पॅचमध्ये रूपांतर फक्त माणूस हलवताना करा. नेटलोगो अंतर पॅचमध्ये देतो, त्याला दर वेळी ०.५ नं गुणावं लागतं. हे एका ठिकाणी विसरलं की माणसं निम्म्या अंतरावर येईपर्यंत एकमेकांना टाळत नाहीत.

टिक म्हणजे मॉडेलमधल्या वेळेचं एक पाऊल; ते ०.०५ सेकंदाचं धरा. १.३४ च्या वेगानं चालणारा माणूस एका टिकमध्ये साधारण ७ सेंटीमीटर सरकतो, ते ठीक आहे. लवकर उरकावं म्हणून टिक अर्ध्या सेकंदाचा केला तर एका उडीत ६७ सेंटीमीटर होतात आणि माणसं एकमेकांच्या अंगातून, भिंतीतूनही, आरपार जातात.

एक माणूस

प्रत्येकाला हवासा वेग द्या. युरोपातल्या मोजणीवरून घेतलेला नेहमीचा आकडा सरासरी १.३४ मीटर प्रतिसेकंद, विचलन ०.२६. ‘रँडम-नॉर्मल’नं तो वाटा, पण खाली ०.६ आणि वर २.० अशी मर्यादा घाला. नाहीतर हजारात एखादा फारच हळू चालणारा निघतो आणि दारात मागच्यांना अडवतो. तुमच्या वहीतले आकडे वेगळे असतील तर तेच वापरा. गड्ड्यात पाळण्यात बसून, भेळ खाऊन दमलेली माणसं ऑफिसला निघालेल्यांसारखी चालणार नाहीत.

ओढणारा जोर असा: हवासा वेग वजा आत्ताचा वेग, भागिले ०.५ सेकंद. हा भागाकार म्हणजे प्रवेग. त्याला टिकच्या ०.०५ नं गुणून वेगात मिळवा, मग वेगाला ०.०५ नं गुणून जागा बदला. कोणाचाही वेग त्याच्या हव्याशा वेगाच्या १.३ पटीवर जाऊ देऊ नका.

कोन वापरू नका. नेटलोगोत शून्य अंश म्हणजे उत्तर आणि कोन घड्याळाच्या दिशेनं वाढतो. शाळेत शिकलेल्या त्रिकोणमितीच्या हे उलटं आहे. शिवाय दोन माणसं नेमकी एका जागी आली तर कोन काढणाऱ्या आज्ञा, म्हणजे ‘टुवर्ड्स’ आणि शून्य-शून्याचा ‘अटॅन’, दोन्ही चूक दाखवून मॉडेल थांबवतात. वेगाचे आडवा आणि उभा असे दोन आकडे ठेवा आणि दिशा भागाकारानं काढा. भागण्याआधी अंतर शून्य नाही ना, ते तपासा.

आता एकच माणूस सोडा. स्थिर उभा असलेला, १.३४ ची इच्छा असलेला माणूस अर्ध्या सेकंदानंतर सुमारे ०.८५ आणि दीड सेकंदानंतर सुमारे १.२७ च्या वेगावर हवा. तो तसा नसेल तर पुढे जाऊ नका. चारशे माणसांत ही चूक सापडायची नाही.

माणसं आणि भिंती

दुसऱ्या माणसापासून लोटणारा प्रवेग असा: ७ गुणिले ‘ई’चा (म्हणजे २.७१८ या संख्येचा) ऋण (अंतर भागिले ०.३) वा घात. अंतर एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, मीटरमध्ये. मूळ मॉडेलमध्ये अंतराची रीत लंबगोल आहे. सुरुवातीला ही गोल रीत पुरते. १ मीटरवर हा जोर ०.२५ येतो, अर्ध्या मीटरवर १.३, आणि ३० सेंटीमीटरवर २.६. थांबलेल्या माणसाला दाराकडे ओढणारा जोर २.७ च्या आसपास असतो. म्हणजे दाटीत माणसं एकमेकांना साधारण ३० सेंटीमीटरपर्यंत खेटतील. हिशेब पटण्याजोगा आहे.

२ मीटरपलीकडच्या माणसाचा जोर शंभराव्या भागापेक्षाही कमी, तो सोडून द्या. नाहीतर ४०० माणसांत दर टिकला १,५९,६०० अंतरं मोजावी लागतील आणि लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागेल. मागच्या माणसाची जाणीव कमी असते म्हणून नजरेच्या दोन्ही बाजूंना १०० अंशांपलीकडे असलेल्याचा जोर निम्मा करा.

भिंतीसाठी ५० गुणिले ‘ई’चा ऋण (अंतर भागिले ०.२) वा घात. इथे दोन सापळे. एक: फक्त सगळ्यात जवळच्या भिंतीच्या पॅचचा जोर घ्या. आसपासच्या सगळ्या पॅचची बेरीज केली तर भिंत कैकपट जोरानं लोटते आणि दार उघडं असून कोणी त्यातून जात नाही. दुसरा: अंतर पॅचच्या मध्यापासून मोजलं जातं, भिंतीचा पृष्ठभाग त्याच्या पाव मीटर अलीकडे असतो. ०.२५ वजा करा.

आणि सगळ्यात नेहमीची चूक दाराचीच आहे. ‘दाराच्या मध्यबिंदूकडे जा’ असं सांगितलं की चारशेच्या चारशे त्या एका बिंदूवर तुटून पडतात, आणि ३ मीटरच्या दारातली कडेची जागा रिकामी राहते. प्रत्येकाला दाराच्या रुंदीवरचा त्याला सगळ्यात जवळचा बिंदू द्या, खांबापासून अर्धा मीटर सोडून. दार ओलांडलं की लक्ष्य बदला, नाहीतर माणूस उंबऱ्यावर पोचून तिथेच थरथरत उभा राहतो.

सगळ्यांचे जोर आधी मोजून घ्या, मग सगळ्यांना हलवा; दोन वेगळे ‘आस्क’ (माणसांना काम सांगणारी आज्ञा) लिहा. एकाच ‘आस्क’मध्ये मोजणं आणि हलणं केलं तर आधी आलेला माणूस जुनी गर्दी बघतो आणि नंतरचा नवी.

समोरासमोर अगदी एका रेषेत येणारी दोन माणसं या मॉडेलमध्ये जागीच अडतात, कारण जोर बरोबर एकमेकांविरुद्ध असतात आणि बाजूला व्हायला कारणच नसतं. प्रत्येक जोरात अगदी थोडा, ०.१ च्या आसपासचा, यादृच्छिक भाग मिसळा.

गट

खरं काम इथून सुरू होतं. प्रत्येक माणसाला गटाचा क्रमांक द्या. एकटे, जोडपी, चौघा-पाचांची कुटुंबं, कॉलेजच्या पोरांची टोळकी. प्रमाण तुमच्या वहीतून घ्या. गट मांडताना आधी गटाची जागा ठरवा, मग तिच्याभोवती १ मीटरच्या आत माणसं ठेवा, पण कोणतीही दोन अर्ध्या मीटरपेक्षा जवळ नकोत.

माणूस आपल्या गटाच्या मध्यापासून ठरावीक अंतरापेक्षा लांब गेला तर त्याला मध्याकडे ओढा. ते अंतर गटातल्या माणसांच्या संख्येतून एक वजा करून त्याचं निम्मं, मीटरमध्ये: दोघांना अर्धा मीटर, पाच जणांना २ मीटर. ओढीचा जोर १ पासून सुरू करून हळूहळू वाढवा. तो २.७ च्या वर गेला की दाराकडे जाण्याच्या इच्छेवर मात करतो, आणि कुटुंब एक गाठोडं होऊन जागच्या जागी फुगडी घालू लागतं. त्याच गटातल्या माणसांमधला लोटणारा जोर निम्मा करा. तेवढा जवळपणा घरच्यांत असतोच.

लहान मुलाला मोठ्या माणसाशी ‘लिंक’नं जोडा आणि दोघांतलं अंतर ०.७ मीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याएवढा ठेवा. सरासरी घेऊ नका: आजी ०.८ नं चालत असेल तर नातूही ०.८ नंच चालणार, किंवा पुढे पळून परत येणार. ते पळणं सध्या सोडून द्या.

गटातला शेवटचा माणूस पुढच्यापासून ३ मीटरपेक्षा मागे राहिला, तर पुढच्याचा हवासा वेग ०.३ करा. प्रत्यक्षातही पुढचा पूर्ण थांबत नाही. मागे बघत रेंगाळतो. आणि तो रेंगाळतो नेमका दाराच्या तोंडाशी, कारण ताटातूट तिथेच होते.

आता दाराचा पेच. कुटुंबातले दोघे बाहेर गेले, तिघे आत आहेत. गटाचा मध्य भिंतीच्या आसपास येतो. आतले त्याच्याकडे ओढले जाऊन सरळ भिंतीला चिकटतात, बाहेरचे उलटे फिरून दारात शिरतात. कार्यक्रम तासभर चालू ठेवला तरी ही माणसं सुटत नाहीत. खरी माणसंही कधी उलटी फिरतात, पण बहुतेक वेळा बाहेर उभी राहून हाका मारतात. म्हणून नियम बदला: दार ओलांडलेल्यांना गटाच्या मध्यात मोजू नका. त्यांची स्थिती ‘चालतोय’ वरून ‘थांबलोय’ करा आणि थांबायची जागा दारापासून ठरावीक अंतरावर द्या, प्रत्येक गटाला डावी-उजवीकडे थोडी वेगळी. सगळा गट जमला की २ सेकंद थांबून स्थिती ‘निघालो’ करा, आणि जगाच्या वरच्या कडेला पोचल्यावर ‘डाय’नं त्यांना काढून टाका. कडेबाहेर पाऊल टाकू दिलं तर नेटलोगो चूक दाखवतो.

थांबायचं हे अंतर म्हणजे आपली मुख्य पट्टी. त्यासाठी स्लायडर करा, १ ते ६ मीटर.

निघायचं कधी

वरच्या मांडणीत चारशेजण एकदम निघतात. शोभेची दारू संपल्यावर साधारण तसं होतं. एरवी माणसं बघून बघून निघतात. त्यासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८ चं उंबरठ्याचं मॉडेल वापरा: प्रत्येकाचा एक आकडा, आणि तितके जण निघाले की तो निघतो. १०० माणसांचे उंबरठे ०, १, २ असे ९९ पर्यंत असतील तर पहिला स्वतःहून निघतो, त्याला बघून दुसरा, आणि अखेर शंभरही निघतात. आता १ उंबरठा असलेल्याला २ करा. पहिला निघतो आणि तिथेच संपतं. बाकी नव्व्याण्णव जागेवर. एका माणसाच्या स्वभावात केवढासा फरक, निकाल उलटा. म्हणून नुसत्या सरासरीवर गर्दीचं वागणं ठरवू नये. आपल्या मॉडेलमध्ये हा उंबरठा गटाला द्या, माणसाला नको, आणि तो ५ मीटरच्या परिसरातल्या निघालेल्यांच्या टक्केवारीत ठेवा.

‘घबराट’ नावाचा स्लायडर करायचा मोह होतो. करू नका. दाराशी चेंगरण्याचं कारण बहुतेक वेळा माणसांचं डोकं फिरणं नसून, पुढे काय झालंय ते मागच्यांना न दिसणं हे असतं. मागचे साध्या चालीनंच पुढे येत राहतात आणि दाब पुढे साठतो. हेल्बिंग, फार्कश आणि विचेक यांच्या २००० सालच्या मॉडेलमध्ये हवासा वेग १.५ च्या वर नेला की बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. पण त्यात अंगाला अंग घासण्याचा जोर आहे, आपल्या मऊ मॉडेलमध्ये तो नाही. तेव्हा आपल्याकडे घाई वाढवून वेळ कमी झालेला दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका. तो घासण्याचा जोर घालायचा असेल तर टिक ०.०१ सेकंद किंवा त्याहून लहान करा; ०.०५ वर ते आकडे अस्थिर होतात आणि माणसं फटाक्यासारखी उडतात.

मॉडेल तपासणं

पहिली कसोटी दाटी आणि वेगाची. दाराच्या २ मीटर अलीकडे २ गुणिले २ मीटरचा चौकोन आखा, त्यातली माणसं आणि त्यांचा सरासरी वेग दर सेकंदाला नोंदवा. उलरिश वाइडमान यांच्या १९९३ च्या प्रसिद्ध सूत्रानुसार चौरस मीटरला १ माणूस असताना वेग १.०६, २ असताना ०.६१, ३ असताना ०.३३, ४ असताना ०.१६ आणि ५.४ ला शून्य. हे युरोपचे आकडे. भारतीय आणि जर्मन माणसांना एका ओळीत चालवून केलेली तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतीयांचा वेग दाटीनं कमी घटला. आपली माणसं खेटून चालतात, हे संमती कट्ट्यावर उभं राहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. तेव्हा तुमचे ठिपके या रेषेच्या थोडे वर आले तर बिघडलं असं नाही. खाली आले तर लोटणारा जोर जास्त झालाय.

दुसरी कसोटी दारातून जाणाऱ्या प्रवाहाची. ब्रिटनच्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेसाठी मिनिटाला मीटर रुंदीमागे ८२ माणसं धरतात. ३ मीटरला २४६, म्हणजे ४०० माणसांना सुमारे १ मिनिट ३८ सेकंद; वर सुरुवातीच्या चालण्याचे काही सेकंद. प्रयोगशाळेतल्या अरुंद दारांवर याहून जास्त प्रवाहही मिळाला आहे. गट बंद ठेवून तुमचं उत्तर दीड ते अडीच मिनिटांत आलं तर पुढे चला. ४० सेकंद आले तर माणसं भिंतीतून गळताहेत. पाच मिनिटं आली तर भिंतीच्या जोराची बेरीज होतेय किंवा सगळे अजून मध्यबिंदूकडेच जाताहेत. याच क्रमानं शोधा.

तिसरी कसोटी नुसत्या डोळ्यांची: दाराशी गर्दीची कमान दिसली पाहिजे. टोकदार निमुळती शेपटी दिसली तर पुन्हा लक्ष्याचा बिंदू तपासा.

यानंतरच मंगल कार्यालयातले आकडे काढा आणि मॉडेलमध्ये त्या दाराची रुंदी, ते गट, तो वेग घालून दर १० सेकंदांचा प्रवाह ताडून बघा. एक सूचना: अर्ध्या नोंदी वापरून पट्ट्या जुळवा आणि उरलेल्या अर्ध्यांवर तपासा. सगळ्या नोंदींवर जुळवलेलं मॉडेल त्या एका लग्नापुरतंच बरोबर असतं.

प्रयोग चालवणं

नेटलोगोतलं ‘बिहेवियरस्पेस’ हे फेऱ्या आपोआप चालवणारं साधन उघडा. गटात असलेल्यांचं प्रमाण ०, ३५, ७० टक्के; थांबायचं अंतर १, ३, ६ मीटर. नऊ जोड्या, प्रत्येक ३० वेळा, एकूण २७० फेऱ्या. प्रत्येक जोडीला तीच ३० ‘रँडम-सीड’ (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे क्रमांक) द्या, म्हणजे फरक अंतरामुळे पडला की नशिबानं, ते कळेल. शून्य टक्क्यांच्या तिन्ही अंतरांना उत्तर एकच यायला हवं, कारण तिथे थांबणारं कोणीच नाही; वेगळं आलं तर चूक आहे. फेरी थांबवायची अट दुहेरी ठेवा: सगळे दाराबाहेर पडले किंवा ६०० सेकंद झाले. दुसरी अट विसरली की कोपऱ्यात अडकलेल्या एका माणसापायी रात्रभर लॅपटॉप चालू राहतो. पडद्यावरचं चित्र बंद ठेवा, वेळ बराच वाचतो.

निकालात नुसती सरासरी देऊ नका. मधली किंमत द्या आणि तीसपैकी सगळ्यात वाईट तीन फेऱ्या वेगळ्या उघडून बघा. सोबत दाराजवळच्या चौकोनातली कमाल दाटी नोंदवा. एकूण वेळ थोडाच वाढला, पण दाटी चौरस मीटरला ५ च्या वर गेली, तर तो निकाल वेळेपेक्षा महत्त्वाचा. जॉन फ्रुइन यांच्या लिखाणानुसार ७ च्या आसपास गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागते आणि माणसाला स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही. आपलं मॉडेल तिथला दाब दाखवू शकत नाही. तिथे पोचायला लागलंय एवढंच दाखवतं. म्हणून यावरून खऱ्या यात्रेचा बंदोबस्त आखू नये. फार तर ‘दाराबाहेरचे पहिले ६ मीटर मोकळे ठेवून बघावेत का’ हा प्रश्न, तुमच्या मोजणीच्या वहीसह, यात्रेच्या नियोजनात असलेल्यांपुढे ठेवता येईल.

भाषा-मॉडेल वापरून बोलणारी पात्रं करावीत का, हेही अलीकडे विचारलं जातं. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह अशा २५ पात्रांचं छोटं गाव चालवून दाखवलं. पात्रं गप्पा मारत, बेत आखत, एकमेकांना आमंत्रणं देत. अक्कलकोट किंवा मोहोळहून येणारं कुटुंब गड्ड्याला कोणत्या दिवशी यायचं ते कसं ठरवतं, अशा प्रश्नाला ती रीत बघण्यासारखी आहे. दारातून निघणाऱ्या पावलांना तिचा उपयोग नाही; सेकंदाला वीस वेळा चारशे जणांना ‘आता काय करशील?’ विचारणं परवडायचं नाही.

एका दाराचं उत्तर स्थिर झालं की दोनच गोष्टी वाढवा, आणि एका वेळी एकच. आधी उलटा प्रवाह: चारशेतले शंभर बाहेरून आत येणारे करा. रस्त्यावर दोन्ही दिशांच्या रांगा आपोआप पडताना दिसतील; दारात मात्र प्रवाह आळीपाळीनं सुटतो का ते बघा. ते जमलं की नंदीध्वज घ्या: ०.३ च्या वेगानं सरकणारा एक अडथळा, भोवती धरणाऱ्यांचं कडं, आणि त्या कड्याला भिंतीचाच जोर. कड्याची रुंदी आधी अंदाजानं २ मीटर धरा आणि यात्रेत मोजून बदला.